गोधडीतला डबा

"डबा आधी उन्हात ठेवजा, बाई. मंग जमिनीवर लोळवजा. अन् मंगच तेल काढजा," श्रीपत पारस्कर म्हणाले आणि डब्याभोवतीच्या गोधडीची गाठ डाव्या हाताने सोडू लागले.

उजवा हात त्यांच्या मांडीवर नुसता पडून होता. गाठ काही सुटेना. मी पुढे होऊन सोडवायला हवी होती, पण माझ्या हातात रबरी मोजे होते आणि डोक्यात हवा होती. शेवटी त्यांनी दातांनी गाठ सोडली. आतून दहा लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा निघाला, ओव्याच्या तेलाचा. झाकण घट्ट असूनही खोलीभर वास पसरला.

"डब्याला सर्दी झाली होती का, काका?" मी विचारलं.

ते कसंनुसं हसले. "आमच्या बुढीनं गुंडाळून देल्ला. म्हने, थंडीचा जपून न्या. एस्टीत मांडीवरच घेऊन बसलो."

गोधडी तान्ह्या लेकराची असावी तेवढीच होती, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची, चारी कडांना लाल टाके घातलेली. मी ती उचलून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि डबा नेऊन मालाच्या खोलीत सिमेंटच्या जमिनीवर ठेवला. उत्तरेकडची खोली, वर पत्रे, पौषातली सकाळ. अकोल्याचं नाव उन्हाळ्यासाठी खराब, पण पौषात त्या खोलीत श्वासाची वाफ दिसायची. दुपार झाली तरी तिथे ऊन पोहोचत नसे.

ही अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी, कुंदा ठोसर, एमएस्सी करून एका औषध कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेत नुकती लागले होते. कंपनी लहान बाळांच्या पोटदुखीचे थेंब आणि सर्दीचा बाम करायची. तेल गावोगावच्या भट्ट्यांवरून यायचं आणि ते खरं की खोटं हे मी ठरवायचे. तेवीस वर्षांच्या पोरीला एवढा अधिकार मिळाला की तिचं काय होतं, ते सांगायला नको. घरी आईशी मी वऱ्हाडीत भांडायचे, पण पांढरा कोट चढवला की पुस्तकातली मराठी बोलायचे. वाटायचं, त्याने वय वाढतं.

"तेल काढणाऱ्याचं नाव?" मी छापील कागद पुढे ओढला.

ते थोडे थांबले. "श्रीपत नामदेव पारस्कर. लिवा. दरसालचंच हाये."

"संध्याकाळपर्यंत निकाल कळेल. बाहेर बाकावर बसा."

"लवकर झालं तं बरं होईन. बुढी वाट पाहीन," ते म्हणाले. "अन् बाई, ते उन्हाचं ध्यानात ठेवजा हो."

"काका, आमच्याकडे मशीन आहे," मी म्हणाले.

मशीन म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. तेलाचा एक थेंबही लागत नसे त्याला. सुईने कणभर तेल आत सोडायचं, ते भट्टीसारख्या तापलेल्या पेटीत वाफ होऊन एका लांबलचक नळीतून जायचं, आणि तेलातला एकेक पदार्थ आपापल्या वेळेला नळीबाहेर पडायचा. पडला की कागदावर पेन वर चढून खाली यायचं. एक टेकडी व्हायची. टेकडी जितकी मोठी तितका तो पदार्थ जास्त. ओव्याच्या तेलात शेवटची मोठी टेकडी थायमॉलची. आपण ज्याला ओव्याचं फूल म्हणतो ते हेच, आणि औषधाचा सगळा गुण त्या फुलात. शंभरात निदान चाळीस भाग फूल हवं, असा आमचा नियम होता.

मी मालाच्या खोलीत गेले, झाकण उघडलं, वरूनच नळीने बाटलीभर तेल काढलं आणि मशीनला लावलं.

आकडा आला छत्तीस पूर्णांक दोन.

पुन्हा लावलं. छत्तीस पूर्णांक चार.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. कारण याचा अर्थ मी पुस्तकात वाचला होता. ओव्याचं तेल थंड केलं की फूल खड्यांसारखं खाली बसतं. लबाड माणसं ते खडे गाळून वेगळे विकतात आणि उरलेलं नुसतं वासाचं तेल अस्सल म्हणून खपवतात. नोकरीच्या पाचव्या महिन्यात मला माझा पहिला चोर सापडला होता.

आमचे मुख्य मुळावकर साहेब तोंडात सतत लवंग धरून असत आणि शब्द मोजून वापरत. त्यांनी दोन्ही कागद पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिले.

"पारस्करचं तेल?" ते म्हणाले. "पंधरा वर्षं घेतोय आपण. बोलाव त्याला."

श्रीपतकाका आत आले आणि उभेच राहिले. साहेबांनी बसायला सांगितल्यावर खुर्चीच्या टोकाला टेकले.

"श्रीपतराव, तुमचं तेल कधी बेचाळीसच्या खाली आलं नाही. आज छत्तीस आहे. फूल कुठं गेलं?"

त्यांना कळेना. कागद त्यांनी डाव्या हातात धरला, टेकड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मशीन चुकत नसन ना, बाई?"

"दोनदा लावलंय काका. मशीन चुकत नाही."

"असं होण्याची दोनच कारणं," साहेब म्हणाले. "एक तर तेल काढणाऱ्याला काम जमलेलं नाही. आच कमीजास्त झाली, नाहीतर पाण्याबरोबर फूल वाहून गेलं. नाहीतर दुसरं, फूल काढून घेतलंय. पहिलं असेल तर आमचा माणूस भट्टीवर येईल. कोण काढतं, कसं काढतं ते समोर बसून पाहील, आणि हात बसलेला नसेल तर भट्टी बंद करायला सांगेल. बाळांचं औषध आहे हे."

"समोर बसून?" काकांनी विचारलं.

"समोर बसून."

"अन् दुसरं असन तं?"

"तर तुमचं नाव यादीतून जाईल. तुमचं एकट्याचं. चोरीचा शिक्का बसेल आणि तो पुसला जात नाही. श्रीपतराव, नीट विचार करून सांगा."

काकांनी तो कागद टेबलावर ठेवला, डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर सरळ केला, जणू तोही त्या खोलीत हजर राहायला हवा होता.

"फूल मी काढलं, साहेब," ते म्हणाले. "बुद्धी फिरली. लिवून टाका."

साहेबांनी लवंग चावली. मला वाटतं त्यांना ते उत्तर नको होतं. पण समोर आकडा होता, कबुली होती, आणि साहेबांचं एक ठरलेलं वाक्य होतं: कागद बोलतो, माणूस नाही. त्यांनी मला लिहायला लावलं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "फूल काढून घेतलेले तेल. पुरवठादाराची कबुली आहे." खाली माझी सही. डबा दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गाडीतून परत पाठवायचा, हेही लिहिलं; काकांना ते सांगायचं राहून गेलं.

काका उठले. दारात थांबून म्हणाले, "घरी कागदबिगद नाही ना येत?"

"नाही," साहेब म्हणाले.

"मंग बरं हाये." आणि ते गेले. गोधडी खुर्चीवरच राहिली.

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या मी आईला सगळं सांगितलं, हातवारे करून. आई पोळ्या लाटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि लाटणं न थांबवता विचारलं, "चोरीचा माल कोनी गोधडीत गुंडाळून आनते काय व?"

"म्हणजे?"

"लेकराले आनल्यावानी मांडीवर घेऊन आला म्हनतं. अन् उन्हात ठेवा म्हून सांगत होता. ज्यानं चोरलं थो कायले एवढं जपन?"

"आई, तुले नाही समजत त्यातलं," मी म्हणाले आणि पुढे बराच वेळ माझं मलाच काही समजेना.

दुसऱ्या दिवशी मी वेळेआधी पोचले. डबा परत जायचा म्हणून त्याला गोधडी गुंडाळावी, निदान माणसाची वस्तू माणसाला परत मिळावी, एवढंच मनात होतं. मालाच्या खोलीत गेले, डबा तिरका करून खालून गोधडी सारली. आत काहीतरी सरकलं. पातळ तेल डचमळतं तसं नाही. डब्यात खडीसाखर असावी तसं, खर्रकन.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. मग झाकण उघडलं आणि आत टॉर्च मारला. तेल वर नितळ होतं आणि तळाला चार बोटं जाडीचा पांढरा थर होता. लांब लांब, चकाकणारे खडे. ओव्याचं फूल.

चोरलेलं फूल अख्खंच्या अख्खं डब्यात होतं. थंडीने खाली बसलं होतं इतकंच. मी वरचं पाणचट तेल काढून मशीनला दिलं आणि मशीनने त्याचा खरा आकडा सांगितला. मशीन चुकलं नव्हतं. "उन्हात ठेवा, लोळवा, मग काढा" हे तीन पायऱ्यांचं शास्त्र एका म्हाताऱ्याने आधीच सांगितलं होतं, उन्हाचं तर दोनदा, आणि मी डब्याला सर्दी झाली का म्हणून विचारत होते. एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही फारशी वाटलेली नाही.

डबा कोमट पाण्याच्या टबात ठेवला. खडे विरघळेपर्यंत थांबले. मग मोजे, कोट, सगळं काढून ठेवलं आणि तो डबा व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळवला. येणारेजाणारे पाहत होते. मग तेल काढलं.

त्रेपन्न पूर्णांक एक.

एवढं फूल असलेलं तेल त्या प्रयोगशाळेत कधी आलंच नव्हतं. एवढं होतं म्हणूनच तर थंडीत खाली बसलं. बेचाळीसच्या तेलात ते बसलंही नसतं कदाचित.

मी कागद घेऊन मुळावकर साहेबांसमोर उभी राहिले. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. घरी आई आणि मी दोघीच होतो.

"कुणाची चूक?" साहेबांनी विचारलं.

"माझी. त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

साहेब खिडकीबाहेर पाहत राहिले. "दर वर्षी हे तेल चैत्रात येतं," ते म्हणाले. "उन्हाळ्यात फूल कशाला बसतंय. यंदा आपणच घाई करून पौषात मागवलं. मलाही सुचायला हवं होतं." मग त्यांनी कालच्या निकालाची वही माझ्यापुढे सरकवली. "पान फाडू नकोस. त्याच्याखाली लिही, काय चुकलं ते. तुझ्या अक्षरात. चूक कागदावर राहिली पाहिजे, पुढच्याच्या कामी येते."

मी लिहिलं.

"आणि ठोसर," ते म्हणाले, "त्याने काढलंच नव्हतं तर कबूल का केलं?"

"तेच विचारायला जाते, सर. कागद पोस्टाने नको. मी नेते."

ते नको म्हणाले नाहीत. साहेबांच्या बाबतीत त्याचा अर्थ जा असा असे.

पारस्करांचं गाव वाघजळी, शेगावच्या पुढे, फाट्यावरून दीड मैल आत. बसमध्ये गोधडी मांडीवर घेऊन मी तो एकच प्रश्न घोळवत होते. निर्दोष माणूस चोरी कबूल करतो कशी? गाव कुठून सुरू होतं ते विचारावं लागलं नाही, वासाने सांगितलं. विहिरीच्या बाजूला चिंचेखाली भट्टी होती. मातीची चूल, वर तांब्याचा हंडा, त्यातून निघालेली नळी पाण्याच्या टाक्यातून जाऊन खाली बरणीत उतरलेली. आणि चुलीपुढे एक ठेंगणी बाई पाठमोरी बसून आच मागेपुढे करत होती.

थोडं दूर बाजेवर श्रीपतकाका बसले होते. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

बाईने वळून पाहिलं. पन्नाशीची, कपाळावर मोठं गोंदण, दोन्ही हात कोपरापर्यंत काळेभोर. "कोन व माय? कंपनीच्या बाई ना तुमी?" ती लगबगीने उठली. "मी गोकर्णा. ह्याईची घरची. या, बसा. तुमी कायले आल्या एवढ्या दूर?" मग तिचं लक्ष माझ्या काखेतल्या गोधडीकडे गेलं. तिने ती घेतली, उलटीपालटी केली. "हे तुमच्याजवळ राह्यली होय," ती म्हणाली आणि खांद्यावर टाकली.

"बुढा सांगत होता, तेल पसंत पडलं म्हून. खरं ना?" तिने विचारलं.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान इतकीशी हलवली. डोळ्यांत असं काही होतं की मी आजन्म ते विसरणार नाही.

"खरं," मी म्हणाले.

"चाला, देव पावला!" ती म्हणाली. "यंदा म्या काढलं ना तेल. दिवाळीत ह्याईचा हात गेला. वारं गेलं अंगावरून. मी म्हतलं, भट्टी थंडी नाही पडू देत मी. चाळीस दिस हे बाजेवरून सांगे अन् मी करे. पह्यलाच डबा होता माह्या हातचा. जीव थाऱ्यावर नव्हता, बाई, सांगतो तुमाले. थांबा, च्या ठेवतो."

ती घरात गेली. मी बाजेजवळ जमिनीवर बसले. आता मला सगळं दिसत होतं, तरी विचारलं.

"काका, खोटं का सांगितलंत?"

"मशीन चुकलं होतं?" त्यांनीच विचारलं.

"मशीन नाही. मी चुकले. तुम्ही सांगितलेलं मी केलं नाही. फूल डब्यातच होतं. तेल चांगलं होतं, काका."

ते ऐकून त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"साहेब म्हने, मानूस येईन," ते हळू आवाजात बोलू लागले. "समोर बसून पाहीन. तिच्यासमोर म्हनन, बाई, तुले जमत नाही, बंद कर. हात गेला तवा मी रडत होतो, बाई. ते नाही रडली. म्हने, मी हावो ना. तिनं हाताले चटके घेऊन घेऊन शिकलं. तिले कोनी असं म्हनावं? त्याच्यापरीस मले चोर म्हना. मी येकटाच खालं पाहीन. तसंबी आता बाजेवरच बसाचं हाये."

मी भट्टीकडे पाहिलं.

"पन आता तुमी म्हनता तेल चांगलं होतं," ते म्हणाले. "म्हंजे म्या तुमच्या मशीनवर भरोसा ठेवला अन् तिच्यावर नाही ठेवला. माह्या मनानं म्हतलं, चुकलीच असन. तिले हे समजलं तं, बाई, मरून जाईन मी. सांगू नोका. माह्या गळ्याची आन."

"नाही सांगत," मी म्हणाले.

गोकर्णाबाई चहा घेऊन आल्या. मी पिशवीतून नवा निकाल काढला आणि पुस्तकी आवाजात वाचायला गेले, पण तो आवाज काही लागेना. "त्रेपन्न," एवढंच म्हणाले. "शंभरात त्रेपन्न भाग फूल."

"किती?" काका बाजेवरून अर्धे उठले.

"त्रेपन्न. तुमचं आजवरचं सगळ्यात जास्त चव्वेचाळीस होतं, काका. मी जुन्या वह्या पाहून आलेय."

काका बायकोकडे पाहतच राहिले. "घ्या!" ते म्हणाले. "बुढीनं मले मांगं टाकलं. अन् कसं व केलंस तू हे?"

"कसं म्हंजे?" गोकर्णाबाई लाजल्या, पण गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "तुमी बरनीतलं अर्काचं पानी लोकाईले वाटून देत जा. कोनाचं पोट दुखते, कोनाचं लेकरू रडते. त्या पान्यात फूल राह्यते ना थोडं. म्या ते पानी फिरून हंड्यात टाकलं. तीन डाव. चव घेऊन पाह्यली, तिखट नाही राह्यलं तवाच फेकलं."

आमच्या पुस्तकात या रीतीला मोठं इंग्रजी नाव आहे. ती बाई जिभेने करत होती.

"नाव काय लिवलं कागदावर?" काकांनी अचानक विचारलं.

"तेल काढणारे, श्रीपत नामदेव पारस्कर."

"ते खोडा. तिचं लिवा."

"माह्यं कायले?" गोकर्णाबाई म्हणाल्या. "तुमच्या नावाची भट्टी हाये. खोडता कायले?"

"तू चूप बस व. लिवा, बाई. गोकर्णा श्रीपत पारस्कर. अन् वाचून दाखवा. मोठ्यानं."

मी खोडलं, लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. काकांनी पुन्हा वाचायला लावलं. गोकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि चुलीची आच बघायला म्हणून पाठ फिरवली. आच ठीकच होती.

परत निघाले तेव्हा ऊन कललं होतं. गोकर्णाबाई फाट्यापर्यंत सोबत आल्या, मी नको म्हणत असताना. अर्ध्या वाटेपर्यंत त्या ओव्याच्या पेऱ्याबद्दल बोलत होत्या. फाट्यावरच्या दगडावर बसल्यावर त्यांनी खांद्यावरची गोधडी काढून मांडीवर घेतली, तिच्यावरून हात फिरवला.

"डबा उघडाच ठेवला होता ना, थंडीत?" त्यांनी विचारलं.

मी बस येते का ते पाहायला मान वळवली.

"गोधडी तुमच्या काखेत पाह्यली तवाच समजलं मले. गोधडी हाये अन् डबा नाही, म्हंजे डबा उघडा पडला. अन् डबा उघडा पडला म्हंजे फूल खालं बसलं असन. वरचंच काढलं असन तुमी. वरचं काय, नुसतं पानी." त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "मंग बुढा पसंत पडलं कसा म्हनते? आल्यापासून जेवत नाही नीट. रस्त्यानं कोनी दिसलं की अंदर जाते. सांगा, बाई. काय केलं बुढ्यानं तिथी?"

मी गळ्याची शपथ घेतली नव्हती, नुसती घातलेली ऐकली होती. पण ती पळवाट झाली. खरं हे की त्या बाईसमोर मला खोटं बोलता आलं नाही. पुस्तकी मराठी तर कुठल्या कुठे गेली होती.

"ते म्हनले, फूल मीच काढलं," मी म्हणाले. "चोरीची कबुली देल्ली त्याईनं. तुमाले कोनी काई म्हनू नये म्हून. चूक माही होती, काकू. माहीच सगळी."

गोकर्णाबाईंनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. मला वाटलं त्या रागावल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येत नाही. दोन्ही असावं.

"भित्रा हाये थो," त्या म्हणाल्या. "लग्न झालं तवापासून भित्रा. माह्या हातावर भरोसा नाही बसला त्याचा. पन चोर झाला, माय! ज्यानं दुसऱ्याच्या वावरातली काडी नाही उचलली जलमात, थो माह्यासाठी चोर झाला."

बस येताना दिसली. त्या उठल्या आणि गोधडी माझ्या हातात कोंबली.

"राहू द्या तुमच्याजवळच. फुडच्या डब्याले लागन. आमच्या लेकराची होती. ते नाही वाचलं. म्या फेकली नाही." आणि मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "अन् बाई, मले समजलं हे त्याले कधी सांगू नोका. लय वाईट वाटन त्याले."

त्यानंतर अकरा हिवाळे वाघजळीहून डबा येत राहिला. त्यातले नऊ काका स्वतः घेऊन आले, मांडीवर. दर वेळी ते हळूच विचारत, "बुढीले काही समजलं नाही ना?" मी म्हणे, "नाही, काका." आणि दिवाळीत मी वाघजळीला गेले की गोकर्णाकाकू चुलीपाशी विचारत, "बुढ्याले काही बोलल्या नाही ना?" मी म्हणे, "नाही, काकू." काकूंशी खरं बोलत होते मी, आणि काकांशी खोटं.

आता ती प्रयोगशाळा माझ्या हाताखाली आहे. मशीन तीनदा बदललं, टेकड्या कागदाऐवजी पडद्यावर उमटतात. गोधडी अजून मालाच्या खोलीत खिळ्याला आहे. नव्याने लागलेल्या मुली ती पाहून हसतात. मी त्यांना एवढंच सांगते, थंडीत डबा उन्हात ठेवायचा, लोळवायचा, मगच तेल काढायचं. बाकीचं आज पहिल्यांदा सांगते आहे. हळूच जवळ येऊन विचारणारं आता दोघांपैकी कुणीच राहिलेलं नाही.